डेड बोर्ड कोणाच्या हाती?

घाटकोपर पश्चिमेला मेट्रोचा जिना उतरून एलबीएस रस्त्याकडे निघाले की दुरुस्तीची दुकाने लागतात. मोबाईल, मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्ही. काउंटरखाली खोका नाही असे आपल्या धंद्यातले दुकान सापडणार नाही. डेड बोर्ड, फुटलेले फोल्डर, जळके चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या, सगळे त्याच खोक्यात. तो भरला की भंगारवाला येतो, काट्यावर वजन करतो, रोख पैसे मोजतो आणि पोते उचलून कुर्ला-साकीनाक्याच्या वाटेला लागतो. पुढे त्या मालाचे काय होते, हे आपण विचारत नाही. या अंकात तेच विचारायचे आहे.

गाळ्यात आधी तोडकाम होते. वायर सोलत बसायला कोणाला वेळ नसतो, म्हणून ती पेटवतात; पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरातून बाहेर पडतात. बोर्ड निवडून बाजूला काढतात आणि ते व्यापाऱ्यांच्या हातून हाती फिरत राहतात. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद ही या मालाची देशातली मोठी ठाणी. मुरादाबादला रामगंगेच्या काठी बोर्ड जाळून, राख धुऊन तांबे वेचतात. काही ठिकाणी ॲसिडात बुडवून सोने काढतात. वापरलेले ॲसिड मातीत नाहीतर नदीत जाते. या कामात बायका आणि मुलेही असतात. एवढे करून पदरात पडते ते तांबे आणि थोडे सोने. पॅलेडियम, टँटलमसारखे धातू बहुतेक वाया जातात. ज्या बोर्डवरची एकेक आयसी आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो, त्याची अखेर अशी झालेली कोणाही कारागिराला रुचणार नाही.

याचे खापर भंगारवाल्यावर फोडणे आम्हाला मान्य नाही. जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आपल्या गल्लीत दोन किलो मालासाठी दारात येणारा माणूस फक्त तोच आहे. नोंदणीकृत रिसायकलर दोन किलोसाठी टेम्पो पाठवत नाही. सगळी गाठ इथेच आहे.

कायद्याने ही गाठ सोडवलेली नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. उपकरणांचे 106 प्रकार त्यांच्या कक्षेत आले. उत्पादक कंपन्यांना पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट मिळाले: पहिली दोन वर्षे 60 टक्के, पुढची दोन 70, आणि 2027-28 पासून 80. ते पुरे करण्यासाठी कंपन्या नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. हजार उपकरणे वापरणारी कार्यालयेही घाऊक ग्राहक म्हणून नियमांत आली. सूक्ष्म उद्योगांना मात्र हे नियम लागूच नाहीत, आणि आपली बहुतेक दुकाने सूक्ष्म उद्योगांतच मोडतात. वस्तू अजून चालेल की कचऱ्यात जाईल, हे ज्या काउंटरवर ठरते तो काउंटरच साखळीच्या बाहेर राहिला. कागदपत्रांचा जाच टळला हे बरे झाले, पण त्याबरोबर आपले स्थानही गेले. दुरुस्तीच्या दुकानाला साध्या नोंदणीवर संकलन केंद्राची मान्यता मिळावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

बॅटरीचे नियम वेगळे आहेत. ऑगस्ट 2022 मधल्या बॅटरी नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य हाती सोपवणे हे वापरणाऱ्याचेही कर्तव्य आहे. नियम बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न उरतोच. फुगलेली बॅटरी धातूच्या पात्याने उचकटू नका. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, गोंद सैल होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा. दोन्ही टोकांना कॅप्टॉन टेप लावा आणि कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ती उन्हापासून लांब ठेवा. तीच बॅटरी सोसायटीच्या डब्यातून पालिकेच्या कॉम्पॅक्टरमध्ये गेली आणि दाबली गेली, तर गाडीतच पेट घेऊ शकते. मुलांना हाताशी घेऊन काम शिकवणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच शिकवावे.

फ्रिज-एसीवाल्यांसाठीही एक गोष्ट. भंगारात काढलेल्या युनिटचा पाइप कापून गॅस हवेत सोडण्याची सवय फार जुनी आहे. आर-22 ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट आहे, आर-134ए ची सुमारे 1,400 पट. तांब्याच्या चार पैशांसाठी हे नुकसान करू नये. रिकव्हरी मशीन एकट्याला परवडत नसेल तर चौघांत मिळून घ्यावे. जुन्या पिक्चर ट्यूबचेही असेच आहे. योकचे तांबे काढले की ट्यूब नाल्याकाठी टाकून देतात. तिच्या फनेलच्या काचेत शिसे असते आणि फुटल्यावर ते तिथेच राहते.

दोन किलोची अडचण एकत्र येऊनच सुटेल. एका गल्लीतल्या दहा-बारा दुकानांनी मिळून एक कुलूपबंद पिंप ठेवावे. बोर्ड अख्खे टाकावेत, तोडून नव्हे. बॅटऱ्या त्यात अजिबात नकोत, त्यांचा डबा निराळा. पिंप भरले की रिसायकलर बोलवावा, त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पाहावी, वजन आपल्यासमोर करून घ्यावे आणि पावती घेतल्याशिवाय माल देऊ नये. आपल्या नेहमीच्या भंगारवाल्यालाही यात घ्यावे. पिंप भरणे, वाहणे, वजन करणे हे काम त्याच्याइतके चांगले कोणाला जमणार? त्याची रोजची कमाई बुडाली तर ही व्यवस्था महिनाभरही टिकणार नाही.

पालिकेच्या एन विभागाचे कार्यालय घाटकोपर पूर्वेला जवाहर रोडवर आहे. पिंप ठेवायला जागा आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस, एवढेच मागणारे निवेदन घेऊन तिथे जावे. सही करणाऱ्या दुकानांची यादी आमच्याकडे पाठवा. रिसायकलरने बोर्डाला काय भाव दिला तेही कळवा. पुढच्या अंकापासून तो भाव आम्ही भंगाराच्या भावाशेजारी छापू.