डबा फिफ्टी कॅलिबरचा

आमच्या घरी पलंगाखाली बंदुकीच्या गोळ्यांचा डबा आहे. दचकू नका, गोळ्या नाहीत, नुसता डबा. खाकी-हिरवा, लोखंडी, उचलायला वर कडी. आईनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "अगं, अमेरिकेहून लोक चॉकलेटं आणतात!"

२०१७मध्ये कंपनीनं डेन्व्हरला ऑनसाइट धाडलं, तेव्हाची ही कमाई. तिकडे आर्मी सरप्लसची दुकानं असतात. लष्कराला नकोसे झालेले बूट, जॅकेटं, तंबू, आणि एका कोपऱ्यात या डब्यांची चळत. वीसेक डॉलरला एक. माझ्या टीम लीडनं एका शनिवारी दोन उचलले. म्हटलं, कुठे युद्धबिद्ध आहे का? तर म्हणे, राफ्टिंगला जायचंय.

या डब्याचं अधिकृत नाव एम टू ए वन. मशीनगनच्या पॉइंट फिफ्टी कॅलिबरच्या शंभर गोळ्यांची माळ यात बसते. साधारण फूटभर लांब, सहा इंच रुंद, साडेसात इंच उंच, वजन अडीच किलोच्या आसपास. दिसायला काही खास नाही. सगळी करामत झाकणात. झाकणाच्या आत कडेनं रबरी रिंग असते आणि पुढची कडी खाली दाबली की झाकण त्या रिंगसकट घट्ट आवळलं जातं. आपल्या कुकरच्या रिंगची सख्खी बहीणच म्हणा ना! चिखलात पडो, पावसात भिजो, आत थेंब जायचा नाही.

आता अशी वस्तू वीस डॉलरला मिळाल्यावर अमेरिकन माणूस गप्प बसेल? राफ्टिंगवाले त्यात कॅमेरा, औषधं, पाकीट ठेवतात आणि डबा बोटीला बांधून टाकतात. कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनची सफर बरेच दिवस चालते आणि नियम असा, की माणसाची घाणसुद्धा मागे सोडायची नाही, सगळी बरोबर परत न्यायची. त्यासाठी याच जातीचा थोराड डबा वापरायचे. त्याला म्हणतात 'ग्रूव्हर'. का? तर पूर्वी त्यावर सीट नसायची, थेट काठावर बसायचं, आणि उठल्यावर बसणाऱ्याच्या पार्श्वभागी दोन खोल खोबणी उमटलेल्या असायच्या. हे ज्ञान मला लंच टेबलवर मिळालं, पुढचं सँडविच तसंच राहिलं.

मग जिओकॅशिंग. मे २०००मध्ये अमेरिकेनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकानं वस्तू लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यानं वापरली होती प्लास्टिकची बादली, पण पुढे या खेळाचा लाडका ठरला तो आपला हाच डबा. झाडाखाली वर्षानुवर्षं पडला तरी आतली वही कोरडी. अर्थात पुलाखाली बेवारस लष्करी डबा दिसल्यावर पोलिसांनी बॉम्बशोधक पथक बोलावल्याचेही प्रकार झालेत. त्यामुळे मुंबईत हा खेळ डबा घेऊन करू नका, लोकलमध्ये तर नकोच नको!

बाकी मोटरसायकलला दोन बाजूंना दोन लावून डिकी, भोकं पाडून स्पीकर, गॅरेजमध्ये पाने-पकडी... ते सगळं तुम्हीही सुचवाल.

मी मात्र घेतला तो यातल्या कशासाठीच नाही. आम्ही कलिनाला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. पाणी पलंगाच्या वर आलं. कागदपत्रं होती लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पुढचे चार दिवस गॅलरीत दोरीवर चिमटे लावून बाबांची डिग्री, आजीचं मृत्युपत्र, माझा जन्मदाखला वाळत होते. फोटोंचे अल्बम तर एकेक वीट झाले होते. वाचली ती बाबांच्या निगेटिव्हची पाकिटं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट रोल. ती धुऊन, वाळवून ठेवली. म्हणजे आई-बाबांच्या लग्नाचं आता जे काही उरलं होतं, ते एवढंच.

दुकानात तो डबा हातात घेतला, कडी खटकन लावली आणि मला फक्त ती दोरी दिसली.

परत येताना विमानात न्यायची हिंमत झाली नाही. वरची पिवळी अक्षरं रंगवून टाकली आणि सामानाच्या शिपमेंटमध्ये घातला. घरी आल्यावर टेस्ट घेतली: आत कोरडा टिश्यू, डबा पाण्याच्या टबात, वर दोन विटा, कारण रिकामा डबा चक्क तरंगतो. सकाळी टिश्यू कोरडा. मी खूश! २०१९च्या जुलैत त्यात कागदपत्रं भरली. ए-फोर कागद सपाट मावत नाही, मधोमध दुमडून उभा ठेवावा लागतो. उरलेल्या जागेत निगेटिव्ह. कडी लावली, विषय संपला.

गेल्या महिन्यात पासपोर्टच्या कामासाठी जन्मदाखला लागला. कडी उघडली तर व्हिनेगरचा वास. आधी वाटलं, आईनं काही सांडलं की काय. मग निगेटिव्ह काढल्या. काही कडांना वळल्या होत्या, दोन पट्ट्यांवर सुरकुत्या.

झालं असं, की त्या काळची फिल्म असायची अ‍ॅसिटेटची. जुनी झाली की ती हळूहळू कुजते आणि कुजताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडते, म्हणजे व्हिनेगरच. हवा खेळती असेल तर ते निघून जातं. कोंडलं, की तेच अ‍ॅसिड फिल्मला आणखी वेगानं कुजवतं. शिवाय मी डबा बंद केला तो ऐन जुलैत. म्हणजे मुंबईची दमट हवा मीच आत घालून वर रिंग आवळली होती! पाणी बाहेर ठेवायला आणलेल्या डब्यात मी पाणी आणि अ‍ॅसिड कोंडून ठेवलं. बाबा असते तर हसले असते. मला त्या रात्री झोप आली नाही.

कुजणं उलटवता येत नाही, फक्त मंद करता येतं. त्यामुळे सगळे रोल ताबडतोब स्कॅन करून घेतले. दोन फ्रेम गेल्या. लग्नाची पंगत वाचली. आता पट्ट्या साध्या कागदी पाकिटांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सर्वांत वरच्या फळीवर. वास येणाऱ्या वेगळ्या, चांगल्या वेगळ्या.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: हिला रिंग हवी की नको? कागदपत्रांना हवी, पण कोरड्या दिवशी भरा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. निळे खडे गुलाबी झाले की ते गरम करून वाळवायचे. ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्यांना अजिबात नको. हौशी मंडळी त्या याच डब्यात ठेवतात, पण रिंग काढून. पेटलीच तर वायूला वाट हवी, नाहीतर डबा पुन्हा मूळ धंद्याला लागायचा. आणि हो, रिंग मेली की नाही ते बघायला झाकणात कागदाची पट्टी धरून कडी लावा. पट्टी सहज सरकली, तर रिंग गेली.

आपल्याकडे असा डबा शोधत हिंडायची गरज नाही. क्लिपवाला, रबरी रिंगचा कुठलाही धड डबा चालेल. पुरात तरंगून जाऊ नये म्हणून बांधून ठेवा, म्हणजे झालं.

निगेटिव्ह हलल्यामुळे डबा अर्धा रिकामा झालाय. परवा आई बराच वेळ कडी उघड-बंद करत बसली होती. "हवा अज्जिबात जात नाही ना गं? मग पोह्याचे पापड ठेवू यात?"

गोळ्यांत शिसं असतं, आई. पापड नाही.

"मग शिवणाची रिळं?"

रिळं चालतील.