भाताचा कुकर आणि पाव किलोवॅटची गरिबी

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने उचलून नेले. दुसऱ्याच दिवशी लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांचे पोर नेले. त्या वर्षभरात चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यातली फार थोडी वीज केंद्रात मेली. बाकीची शेतात, गुरांमागे, मोहाखाली आणि सरपणाच्या वाटेवर मेली. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या.

आता हा हिशोब पाहा. चंद्रपूरच्या या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी आमच्या इरई धरणाचे, राख आणि धूर आमच्या छातीत. येथून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची वाहिनी १९९९ पासून मुंबईच्या बाजूला वीज ओढून नेते. आणि त्याच जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या तालुक्यांतली आमची माय-बहीण पहाटे कुऱ्हाड घेऊन, भात शिजवण्यापुरती मोळी आणायला वाघाच्या जंगलात जाते. वाघ वीज केंद्रात शिरला. वीज मात्र आमच्या चुलीपर्यंत आली नाही, बल्बपर्यंत येऊन थांबली.

का थांबली, याचा विचार आज करायचा आहे. विषय छोटा वाटेल: भाताचा विजेचा कुकर आणि पाणी तापवायची केटल. वर्तमानपत्राच्या या पानावर कुकर-केटल कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांनी एकदा वीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन चार किलोमीटर चालून पाहावे आणि मग बोलावे.

गॅस आला ना, असे विचारतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आले हे खरे. पण २०२४-२५ मध्ये देशभरातल्या उज्ज्वला कुटुंबांनी वर्षाला सरासरी साडेचारच्या आतच सिलिंडर भरून घेतले. साडेचार सिलिंडरवर कोणाचे वर्ष निघते? सिलिंडर भरायला एकदम आठशे-नऊशे रुपये हातात लागतात, आणि रोजंदारीच्या घरात एकदम तेवढे कधी नसतात. म्हणून सिलिंडर पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी, आणि रोजचा स्वयंपाक चुलीवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभर ३२ लाख माणसे मेली. त्यांत बाया आणि कुशीतली लेकरे किती असतील, हे फुंकणी ज्यांच्या हातात असते त्यांना सांगायला नको.

बाबासाहेबांनी विजेकडे कसे पाहिले हे आपण विसरतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्यासमोर बाबासाहेब बोलले. त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. वीज ही नफ्याची वस्तू न राहता ती स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, त्यावाचून या देशाची गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तेच बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला आले आणि आपल्या आजी-आजोबांना त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीच्या जिल्ह्यात त्यांची स्वस्त वीज कोणाच्या घरात पोचली, हे विचारणे आपले काम आहे.

आता कुकरकडे येऊ. भाताचा स्वयंचलित कुकर तोशिबाने १९५५ मध्ये जपानात बाजारात आणला. तो तयार करण्याचे काम योशितादा मिनामी नावाच्या एका छोट्या कारखानदाराकडे होते. पण खरी परीक्षा घेतली त्याची बायको फुमिको हिने. रोज भात शिजवायचा, उष्णता मोजायची, वेळ लिहायची, हे तिने वर्षानुवर्षे केले. नाव कंपनीचे झाले. बाईच्या श्रमाचे नाव होत नाही, ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही.

यंत्र मात्र साधे आहे. आजच्या साध्या कुकरमध्ये भांड्याखाली तापणारी तबकडी आणि तिच्या मधोमध एक लोहचुंबक असतो. पाणी आहे तोवर भांड्याचा बूड शंभर अंशांपुढे जात नाही. तांदळाने पाणी पिऊन घेतले की बूड जरा जास्त तापते, त्या उष्णतेने चुंबकाची पकड सुटते आणि खटका खाली पडतो. भात करपत नाही, कोणी जवळ बसावे लागत नाही. तो मिळालेला अर्धा तास बाईचा असतो, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

आणि आपला भाग धानाचा. ज्या एचएमटी तांदळाचा भात आज गावोगाव खाल्ला जातो, तो नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या तुकड्यावर निवडून निवडून वाढवला. हा बारीक तांदूळ कुकरात छान होतो. जुना असेल तर एकास दोन पाणी, नवा असेल तर थोडे कमी. धुऊन पंधरा मिनिटे भिजू द्यावा. कुकरात पेज निघत नाही, ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार रास्त आहे. पेज हवी असेल तर पाणी जास्त घालून आधीच काढून घ्यावी लागते. भाकरी तर कुकरात होतच नाही. म्हणजे चूल लगेच विझणार नाही. पण रोजच्या दोन वेळच्या भाताचे सरपण वाचले तर जंगलाच्या फेऱ्या नक्की कमी होतात.

घेताना काय पाहावे? पाच-सहा माणसांच्या घराला १.८ लिटरचा, सुमारे ७०० वॅटचा कुकर पुरतो. दोघा-तिघांना एक लिटरचा, ४०० वॅटच्या आसपासचा. दीड-दोन हजारांत मिळतो. रंगीत बटनांच्या आणि दहा कामे सांगणाऱ्या महाग कुकरच्या मागे लागू नये. एका खटक्याचा साधा कुकर घ्यावा, आयएसआयचा शिक्का पाहावा, तीन पिनांचा प्लग पाहावा, भांडे जाड आहे का ते हातात घेऊन पाहावे. आत लेप असेल तर लोखंडी उलथणे घालू नये. भांड्याची बाहेरची बाजू पुसून कोरडी करूनच आत ठेवावी.

इंडक्शन शेगडी का नको, असे गडचिरोलीतल्या एका शिक्षकाने मला विचारले. नको असे नाही, तिच्यावर भाजी, डाळ सगळे होते. पण डीपीपासून लांबच्या टोल्यावर संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येते, कधी त्याहून खाली. इंडक्शन अशा वेळी नुसती पीप-पीप करते आणि बंद पडते. कॉइलचा कुकर बंद पडत नाही, हळू होतो. २३० वर ७०० वॅट देणारा कुकर १८० वर सव्वाचारशेच्या आसपास देतो. भात अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाने होतो, पण होतो. एटापल्ली-भामरागडच्या बाजूला वीजच आठ-आठ दिवस जाते तिथे अर्थात हा सल्लाही उपयोगाचा नाही.

केटलचे वेगळे आहे. दीड लिटरची केटल बहुधा १५०० वॅटची असते. एक लिटर पाणी चार-पाच मिनिटांत उकळते आणि वीज लागते युनिटच्या दहाव्या हिश्शाएवढी. बाळंतिणीला गरम पाणी, लेकराला उकळून गार केलेले पाणी, रात्रपाळीहून आलेल्याला चहाचे पाणी, यासाठी ही वस्तू सोन्यासारखी आहे. पण तिच्यात पाणीच उकळावे. माझ्या धाकट्या भावाने वसतिगृहात तिच्यात दूध उकळले. दूध बुडाला लागले, उतू गेले, खालच्या बैठकीत शिरले आणि केटल गेली. झाकण उघडे ठेवले तर ती आपोआप बंदही होत नाही, कारण वाफ लागल्यावरच तिचा खटका पडतो. आणि १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपियर. दिव्याच्या बोर्डावरचे लहान सॉकेट सहा अँपियरचे असते. त्यात, किंवा बाजारातल्या शंभर रुपयांच्या लांब वायरच्या बोर्डात केटल लावणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी.

येथे मुख्य दुखणे सुरू होते. मूलकडच्या एका वस्तीत एका मावशीच्या घरी बसलो होतो. मावशी कुकर लावायला उठल्या, आधी पायात चप्पल घातली. मी विचारले, घरात चप्पल कशाला? म्हणाल्या, "करंट मारते बाबू. चप्पल घालूनच भात लावा लागते." त्यांना ती कुकरची सवय वाटत होती! घर घरकुल योजनेतले, भिंती पक्क्या, वर स्लॅब, बोर्डात तीन भोकांचे सॉकेट. आत पाहिले तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. अर्थिंग नव्हतेच.

बंधूंनो, ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या वस्तीत जाऊन मोजा. प्लगची जाडी पिन शोभेची नसते. कुकरच्या आतली वायर भांड्याला टेकली तर करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती वाट नसेल तर तो बाईच्या अंगातून जातो. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून करतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात माती ठणठणीत कोरडी होते, म्हणून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे लागते. कुकर-केटलसाठी १६ अँपियरचे वेगळे सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून ओढून घ्यावी. जमले तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा. त्याला कुकरएवढेच पैसे जातात, पण करंट गळू लागला की क्षणात वीज तोडतो. कुकर घ्यायला पैसे आहेत आणि वायरिंगला नाहीत, असे असेल तर आधी वायरिंग करावे, कुकर पुढच्या सुगीला घ्यावा.

आता बिल. ७०० वॅटचा कुकर एका वेळच्या भाताला सुमारे ०.४ युनिट खातो. दोन वेळचा भात महिन्याला २४ युनिट, केटलचे रोज दोन लिटर पाणी ६ युनिट. एकूण ३०. ज्या घराचा वापर ६० आहे तो ९० होईल. पण १०० च्या पुढच्या युनिटाचा दर जवळपास दुप्पट आहे, आणि एप्रिल-मे मध्ये चंद्रपुरात कूलरशिवाय माणूस जगत नाही. कूलर चालू झाला की भाताचे ३० युनिट दुप्पट दरात जातात. म्हणून उन्हाळ्यात बिल पाहून बाई कुकर गुंडाळून ठेवते आणि पुन्हा जंगलात जाते. नेमकी त्याच दिवसांत, जेव्हा मोह आणि तेंदूसाठी सगळा गाव जंगलात असतो.

आणि सगळ्यात गरीब घराचे काय? वीज नियामक आयोगाच्या अलीकडच्या दरपत्रकांत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना सवलतीचा दर आहे. त्याची अट वाचा: मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत, म्हणजे २५० वॅट, आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत. भाताचा लहानसा कुकरही ४०० वॅटचा! म्हणजे सरकारच्या कागदावर गरीब कोण, तर ज्याच्या घरी विजेवर भात शिजत नाही तो. बाईने कुकर लावला की ती सवलतीतून बाहेर. ही अट लिहिणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक कशावर होतो, हे मला माहीत नाही, पण मोळीवर होत नसावा.

१४ एप्रिल २०२१ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना पाचशे रुपये अनामतीवर जोडणी देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना महावितरणने आणली. बाबासाहेबांचे नाव दिले, चांगले केले. पण बाबासाहेबांची वीज बल्बपुरती नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर या लहान देशाने दशकभरापूर्वी विजेच्या शेगड्या वाटल्या, तेव्हा स्वयंपाकासाठी महिन्याला ८० युनिट फुकट दिले. आपण ८० मागत नाही. सवलतीच्या भाराची मर्यादा एक किलोवॅट करा आणि ३६० युनिटांची अट ७२० करा, एवढेच. वाढीव ३६० म्हणजे महिन्याचे ३०, म्हणजे दोन वेळचा भात आणि दोन लिटर पाणी.

एक धोका सांगितला पाहिजे. कुकर आला म्हणून जंगलावरचा हक्क गेला, असे कोणी म्हणू लागेल. सरपण, मोह, तेंदू, बांबू हा २००६ च्या वनहक्क कायद्याचा विषय आहे, मेंढा-लेखाने तो मिळवून दाखवला आहे. जंगलात जाण्याचा हक्क राहिलाच पाहिजे. पण हक्काने जाणे वेगळे आणि पोटातल्या भीतीने, दुसरा इलाज नाही म्हणून जाणे वेगळे. विजेचा धूरही कुठेतरी निघतोच, असेही काही जण सांगतात. निघतो. आमच्याच दुर्गापुरात निघतो. तो धूर आम्ही मुंबईसाठी सोसतोच आहोत, त्यातले ३० युनिट आमच्या मायच्या भाताला लागले तर कोणाचे काय जाते?

आपल्या घरातलेही थोडे बोलू. मंगल परिणयात आपण अजून स्टीलचे डबे आणि भिंतीवरची घड्याळे देतो. त्याऐवजी चौघा मित्रांनी मिळून एक कुकर द्यावा, आणि तो नवऱ्याच्या हातात द्यावा. खटका दाबायला बाईच लागते असे फुमिकोने कुठे लिहून ठेवलेले नाही. बचत गटांनी दहा-बारा कुकर एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करतो, आणि त्याच वेळी एक जाणता वायरमन बोलावून दहा-बारा घरांचे अर्थिंग एकाच दिवसात करून घेता येते.

वीज दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जनसुनावणी घेतो, नागपुरातही घेतो. तिथे उद्योजकांचे वकील फायली घेऊन येतात. मोळी वाहणारी बाई तिथे कधी दिसली नाही. पुढच्या सुनावणीची नोटीस निघाली की प्रत्येक विहारातून एक हरकत गेली पाहिजे: घराचा ग्राहक क्रमांक, मंजूर भार, मागच्या बारा महिन्यांचे युनिट, आणि खाली त्या घरातल्या बाईची सही.