दुसरा सूर कुणी गायचा?

गॅदरिंगचं ग्रुप साँग म्हणजे पंधरा जणांनी मिळून एकच चाल गायची, असं आपण ठरवूनच टाकलंय. कुणाला हार्मनीचा पार्ट दिला की लगेच चेहरा पडतो, ‘म्हणजे मी बॅकग्राउंडला का?’ मला हे अजिबात पटत नाही.

कॉयरमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार पार्ट असतात. मुख्य चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे. ती कुणीही गुणगुणेल हो! खरी कसोटी आल्टोची. शेजारची चाल सारखी कानात शिरते आणि तरी आपला सूर सोडायचा नाही. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून चक्क कानात बोट घालतात. इथेच सगळं बिघडतं.

आपण इंजिनिअर्स, तेव्हा हिशोबच बघू. सा २४० हर्ट्झचा धरला, तर शुद्ध गंधार ३०० चा आणि पंचम ३६० चा. म्हणजे ४:५:६. गंधार जरा चढला की सुरांची थरथर ऐकू येते. मग दुसऱ्याचा सा ऐकलाच नाही, तर आपला गंधार जुळणार कसा?

म्हणून आधी आपला पार्ट एकट्याने पक्का करा. मग चालीबरोबर हळू आवाजात, कान उघडे ठेवून गा. ‘हे आपलं संगीत नाही’ म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्यातला कोकणी मांडो ऐकावा. तोही दोन सुरांत गातात.

यंदा निदान एक गाणं तरी दोन पार्ट्समध्ये बसवूया. आणि दुसरा पार्ट उरलेल्यांना नको, ज्यांचा कान चांगला त्यांना द्या!