रात्री एकटी दिसलेल्या बाईला न्यायचं कुठे?

10 सप्टेंबर 2021 च्या पहाटे अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या खैरानी रोडवर उभ्या असलेल्या टेम्पोत एका बाईवर अमानुष अत्याचार झाला. दुसऱ्या दिवशी राजावाडी रुग्णालयात तिने प्राण सोडले. जून 2022 मध्ये दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. तपास आणि खटला झपाट्याने झाला, हे मान्यच करायला हवं. पण ती फुटपाथवर राहायची, एवढी बाब बातमीच्या एका ओळीत आली आणि विरून गेली.

त्यानंतर पोलिसांची गस्त वाढली. रात्री एकटी आढळलेल्या महिलेची विचारपूस करून तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवावं, असा आदेशही निघाला. हेतू रास्त होता. मात्र अंधेरीतल्या हवालदाराने रात्री दोन वाजता अशा बाईला गाडीत बसवल्यावर गाडी वळवायची कुठे? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हवा, असं बजावलं होतं. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या के-पूर्व आणि के-पश्चिम या दोन विभागांची लोकसंख्या 15 लाखांच्या वर होती. म्हणजे एकट्या अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यात पंधरा निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही, आणि मुंबईत जे निवारे आहेत त्यांतले बरेचसे मुलांसाठी आहेत.

अशा बाईला रस्त्यावरून उचलून न्यावं की आहे तिथेच राहू द्यावं, यावर दोन मतं आहेत. आधी उचलून नेण्याच्या बाजूचं म्हणणं ऐकू. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. अंधेरी स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला चालून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. शिवाय रस्त्यावरची रात्र बाईसाठी जिवावरची असते. कितीतरी जणी रात्रभर जाग्या राहतात आणि दिवसा वर्दळीत डोळा लावतात, कारण गर्दीत भीती कमी. मानसिक आजाराने घर सुटलेल्या बाईबाबत तर दुमत असू नये. तिला उपचारांसाठी हलवावंच लागतं. बोरिवलीचे डॉ. भरत वाटवानी कर्जतच्या श्रद्धा केंद्रात आणि डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे अहिल्यानगरजवळच्या माउली प्रतिष्ठानात हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. तिथे नेण्याला कुणी हकालपट्टी म्हणणार नाही.

पण प्रत्येक बेघर बाई आजारी नसते. कुणी नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेली, कुणी भाडं थकल्याने झोपडीबाहेर पडलेली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तो बजावायला वकील लागतो आणि वकिलाकडे जायला कुठला तरी पत्ता लागतो. सिग्नलवर गजरे विकणारीचा पत्ता म्हणजे तिची जागा. तिचं बोचकं चहाच्या टपरीवाल्याकडे असतं, पोराकडे शेजारची लक्ष ठेवते, उधारी वाण्याकडे चालते. तिला दहा किलोमीटरवर नेऊन ठेवलं की छप्पर मिळतं आणि पोट जातं. निवाऱ्याचं दार रात्री नऊला बंद, हिचा धंदा अकराला संपतो. मुलगा थोडा मोठा झाला की महिला निवाऱ्यात चालत नाही. मग ती परत पुलाखाली येते आणि आपण म्हणतो, यांना राहायचंच नसतं!

त्यात भीक मागणाऱ्यांना पकडून नेणारा 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून आहे. गाडी दिसली की बाई पळते ती चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाच्या धास्तीने. मदतीची गाडी आणि पकडायची गाडी यांतला फरक तिला लांबून कसा कळावा?

राहिला टपरीवाला, शेजारीण, वाणी अशा वस्तीचा आधार. तो खरा असतो. 1986 मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली, रोजच्या कमाईतून थोडी थोडी बचत केली, घरांसाठी सरकारशी वाटाघाटी केल्या. पुढे अनेक कुटुंबांना मानखुर्दच्या मिलननगरात घरं मिळाली. त्याला जवळपास वीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवायला हवं. शेजारधर्म निवाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. आणि आपल्या सोसायट्यांचा शेजारधर्म तरी केवढा? दिवाळीत जुन्या साड्यांचा ढीग काढून देतो. गल्लीत महिला निवारा येणार म्हटलं की सह्यांची मोहीम सुरू.

आमचं मत असं, की निवारा आधी हवा, उचलणं नंतर. तोही त्याच वॉर्डात, चोवीस तास उघडा, आईला मुलांसह घेणारा. तो चालवायला महापालिकेसोबत बचत गट आणि रस्त्यावर राहिलेल्या बायका असाव्यात. तोवर निदान स्टेशनांजवळची सार्वजनिक शौचालयं रात्रभर उघडी आणि बायकांना फुकट ठेवायला कुठल्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. वाचकांना एकच विनंती: आपल्या नगरसेवकाला भेटून विचारा, प्रभागात महिला निवाऱ्यासाठी जागा कुठली ठरली आहे. आणि ती आपल्याच गल्लीत निघाली, तर विरोधाच्या पत्रावर सही करू नका.