मुलीला डॉक्टर का केलं नाही?



"पोरगी एवढी हुशार, मग नर्सिंगला कशाला घातली?" असं आम्हा नवरा-बायकोला वजनकाट्यावरसुद्धा विचारतात. नर्स म्हटलं की स्थळंही मागं फिरतात.

हिशेब साधा आहे. एम.बी.बी.एस.ला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढं बाळंतपणातलं तज्ज्ञ व्हायला आणखी ३. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं. त्यावर केंद्र सरकारनं २०१८ साली आखलेलं 'नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ' हे १८ महिन्यांचं शिक्षण.

पण वर्षं वाचवायला हा मार्ग धरला नाही. लेकीला बाळंतिणीच्या उशाशी थांबायचंय. सरळ बाळंतपण अशी परिचारिका स्वतः करते, अडलेली बाई वेळेत डॉक्टरकडे धाडते. शस्त्रक्रिया तिचं काम नव्हे. तिथं डॉक्टरच हवा. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं शिक्षण निघालं, तेही गोरगरिबांच्या पोरांना डॉक्टर मिळेना म्हणूनच.

उसाचा दर उताऱ्यावर ठरतो, उंचीवर नाही. पोरीची हुशारीही दारावरच्या पाटीवरून मोजू नये. ज्यांच्या मुली बारावी सायन्सला आहेत, त्यांनी हाही मार्ग मनावर घ्यावा, एवढीच विनंती.