दारावरचा पहारा आणि नावांचे दुकान

ई-मेलच्या पेटीत नको असलेले टपाल येते, ही तक्रार जुनीच आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीने आपल्या यंत्रांची जाहिरात शेकडो लोकांना एकाच वेळी धाडली, तेव्हापासून ती चालत आली आहे. त्या काळी हे टपाल केवळ उपद्रवी होते. आज मुलुंडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला ‘आपले खाते गोठविण्यात येत आहे’ असे जे पत्र येते, ते त्याच्या आयुष्यभराच्या पुंजीवर टपलेले असते.

यावर आपण विसंबलो ते चाळणीवर. चाळण्या सुधारल्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर आपली तांत्रिक ओळख सिद्ध करण्याची सक्ती केली. परंतु या सिद्धतेचा अर्थ इतकाच, की पत्र ज्या नावाने आले त्या नावाच्या धन्यानेच ते पाठविले आहे. धनीच चोर असला, तर चोराची ओळख तेवढी पक्की होते! बँकेच्या नावातील एखादे अक्षर फिरवून केलेले डोमेन नाव काही शे रुपयांत मिळते. ते काळ्या यादीत जाईपर्यंत दुसरी नावे खरेदी करून ठेवता येतात. तेव्हा विचार करावयाचा तो ही नावे विकणाऱ्यांचा.

हे दुकान सातासमुद्रापलीकडे आहे, असेही नाही. तुराखिया बंधूंनी १९९८ मध्ये स्थापन केलेली ‘डायरेक्टी’ मुंबईच्या उपनगरांतच वाढली. अंधेरी पूर्वेला भुयारी मार्गालगत तिची इमारत उभी राहिली. (तिचा नावे विकण्याचा व्यवसाय २०१४ मध्ये अमेरिकन कंपनीकडे गेला.) ऑक्टोबर २००८ मध्ये ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने ‘एस्टडोमेन्स’ या नोंदणी कंपनीला मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली, आणि तिच्याकडील सुमारे २ लाख ८१ हजार नावे पुढे सोपविण्यात आली ती डायरेक्टीकडे. नोटिशीतील कारण लक्षात घेण्याजोगे आहे. कंपनीच्या अध्यक्षाला एस्टोनियात फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, हे ते कारण. त्या नावांवरून काय उद्योग चालत, हे नव्हे. फसव्या पत्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या नावाचा ठोस पुरावा मिळताच नोंदणी कंपनीने कारवाई केलीच पाहिजे, हे बंधन करारात यावयास ५ एप्रिल २०२४ उजाडले.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल करणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि ते योग्यच झाले. इतक्या सैल शब्दांचे शस्त्र कोणत्याही सरकारच्या हाती असू नये. परंतु त्या जागी नेमकी तरतूद करण्याचे काम राहून गेले. रिझर्व्ह बँकेने मात्र २०२५ मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे स्वतंत्र क्षेत्र ठरवून दिले आणि तेथील नावे देण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे ठेवला. विक्रीपूर्वी ग्राहक पारखता येतो, एवढे त्यावरून दिसले.

हीच कडक पारख सर्वांना लावावी काय? नाही. घाटकोपरच्या छोट्या व्यापाऱ्याचे नाव एका खोट्या तक्रारीवरून गोठविले गेले, तर त्याचा धंदा त्या दिवशीच बसतो. म्हणून एका हाती शेकडो नावे घेणाऱ्याची ओळख आधी तपासावी, तक्रारीला उत्तर देण्याची मुदत तासांत ठरवावी, आणि नाव गोठविले तर धन्याला कारण कळवून त्याच मुदतीत दाद मागू द्यावी.