खरेदीखतात नसलेली मांजर

‘मांजर माणसाची नसते, घराची असते’ हे वाक्य घर विकणाऱ्यांच्या फारच सोयीचे आहे. त्याच्या आधारे किल्ल्यांबरोबर मांजरही नव्या मालकाच्या गळ्यात घालता येते; वर तिच्यावर उपकार केल्याचे समाधान. गाल घासून ती घरभर आपला गंध ठेवते, हे खरे. पण तो गंध नव्या घरीही रुजतो. काही दिवस तिला जुन्या अंथरुणासह एका खोलीत ठेवावे लागते, इतकेच. नव्या मालकाने आपणहून मागून घेतली तर गोष्ट वेगळी. न विचारता मागे ठेवणे म्हणजे टाकून देणेच. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये! लाखोंच्या व्यवहारात तो कोणाला जाणवणार?